ह्युन बिन सिल्क बोर्डला अडकला असता तर

कोरियन मालिकेतल्या नायकाकडे बंगला असतो, लांबलचक गाडी असते, आजोबांची कंपनी असते आणि चेहऱ्यावर औषधालाही पुरळ नसतं. यातल्या कशाचाच मला हेवा वाटत नाही. बंगळुरूत संसार केलेल्या बाईला हेवा वाटतो तो त्याच्या रस्त्यांचा. नायिका शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी रडत बसलीय, असं त्याला फोनवर कळतं. तो भर रस्त्यात गाडी गर्रकन वळवतो आणि पुढच्याच दृश्यात तिच्यासमोर उभा! बाईंचे डोळेसुद्धा अजून कोरडे झालेले नसतात. याच गृहस्थाला व्हाइटफील्डहून जयनगरला यायचं असतं, तर नुसती गाडी वळवायलाच दोन किलोमीटर पुढे जावं लागलं असतं. मारतहळ्ळीला त्याचं निम्मं प्रेम आटलं असतं, उरलेलं सिल्क बोर्डच्या चौकात. जयनगर फोर्थ ब्लॉकला तो पोचेपर्यंत नायिका रडून, जेवून, ओटा आवरून झोपली असती.

म्हणून माझं पहिलं मत असं, की कोरियन मालिका प्रेमाच्या नसतातच. त्या वेळेवर पोचण्याच्या असतात. प्रेम काय, आपल्याकडेही असतं; ते ट्रॅफिकमध्ये असतं इतकंच.

या गावाला कोरियन मालिकांचं वेड लागलं याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. सॅमसंगचं मोठं संशोधन केंद्र इथे आहे, तेव्हा कोरियन साहेबांबरोबर मालिकाही आल्या असाव्यात, असा एक तर्क असतो. मला तो पटत नाही. कोणत्याही साहेबामुळे कोणी मालिका बघायला लागल्याचं ऐकिवात नाही. खरं कारण कर्नाटकाच्या इतिहासात आहे. साठच्या दशकापासून इथे परभाषेतला सिनेमा कन्नडमध्ये डब करायला अलिखित बंदी होती, आणि कन्नड नट डॉ. राजकुमारांसारखा माणूस त्या चळवळीच्या पाठीशी होता. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या बंदीच्या विरोधात निकाल दिला, आणि मग कुठे डब केलेले चित्रपट परत दिसू लागले. मधल्या काळात बंगळुरूकरांनी काय केलं? तमिळ सिनेमा तमिळमध्ये पाहिला, तेलुगू तेलुगूत, हिंदी हिंदीत. आमच्या शेजारच्या अक्का तर स्वयंपाक करता करता चार भाषांत रडतात. त्यांना कोरियन ही पाचवी भाषा. त्यात काय एवढं?

आम्ही मराठी माणसंही इथली जुनी. शहाजीराजे 1638 पासून बंगळुरूत होते. आम्ही जरा उशिरा, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आलो. पण इतक्या जुन्या नात्याला जागून कन्नड शिकावं, हे काही आमच्यातल्या पुष्कळांना सुचत नाही. आमच्या सोसायटीत एक मराठी मुलगी आहे. लिफ्टमध्ये भेटली की कोरियन पद्धतीने कमरेत वाकून मला 'अन्न्यॉन्ग' करते. रिक्षावाल्याला 'डावीकडे घ्या' हे मात्र तिला आजही हातवारे करूनच सांगावं लागतं. तिला मी म्हटलं, बाई गं, तुझा तो कोरियन नट ह्युन बिन काही तुझी रिक्षा चालवणार नाही. आधी 'एडक्के' म्हणायला शीक.

आता पट्टीविषयी, म्हणजे पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळतात त्या पट्टीविषयी. मराठी मालिका ही बघायची नसून ऐकायची वस्तू आहे. फोडणी घालता घालता कळतं, की सासू विष कालवतेय. चेहरा बघायला दिवाणखान्यात जावं लागत नाही, पार्श्वसंगीतच सांगतं. कोरियन मालिकेत ही सोय नाही. ती वाचावी लागते. मेथी निवडायला घ्यावी, तर तेवढ्यात नायक कबुली देऊन मोकळा होतो आणि आपल्या हाती नुसत्या काड्या राहतात. पोळ्या लाटणं तर अशक्यच. परिणाम असा, की घरातली बाई हातात काहीही न घेता सलग एक तास बसते. आमच्या घरात हे दृश्य पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ह्यांनी घाबरून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" कोरियन लाटेवर विद्वान लोक काय लिहायचं ते लिहोत, माझ्या मते तिची खरी कामगिरी हीच.

"सगळे सारखेच तर दिसतात," हा ह्यांचा दुसरा आक्षेप. यावर माझं उत्तर तयार असतं. साताऱ्याच्या घरी भिंतीवर ह्यांच्या पाच काकांचा एकत्र फोटो आहे. पाच टोप्या, पाच मिशा, पाच बंद गळ्याचे कोट. लग्नानंतर कितीतरी दिवस मी समोर येईल त्या काकांना वाकून नमस्कार करत होते. कोण कोणते, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. त्यामानाने ली मिन-हो आणि गाँग यू यांच्यात गोंधळ व्हायला माणसाला मुद्दाम प्रयत्न करावा लागतो.

तर नटांविषयीची माझी मतं. ज्यांना पटत नसतील, त्यांनी आपली वेगळी यादी करावी.

ली मिन-हो हा या पंथाचा आद्य पुरुष. 2009 च्या 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स'मध्ये तो डोक्यावर कुरळे केस घेऊन आला आणि भारतातल्या एका अख्ख्या पिढीने पहिल्यांदा कोरिया नकाशात शोधला. त्या मालिकेत तो वागतो मात्र अत्यंत वाईट. नायिकेला छळतो, ओरडतो, मनगट धरून ओढत नेतो. असला मुलगा सांगून आला असता, तर आमच्या आत्याने चहाही न देता वाटेला लावला असता. पण त्याला पोहता येत नाही हे कळतं आणि सगळ्या बायका विरघळतात. दुष्ट माणसाला एखादी गोष्ट जमत नसली की तो लगेच गोड वाटायला लागतो, हे बायकांचं जुनं दुखणं आहे.

गाँग यू 'गॉब्लिन'मध्ये 939 वर्षांचा आहे. छातीत तलवार रुतलेली, आणि ती उपसू शकेल फक्त त्याची वधू. ही वधू शाळेत शिकणारी. स्थळ म्हणून पाहिलं तर घर स्वतःचं, सासूचा त्रास नाही, फक्त वयात जरा अंतर. मला हे मुळीच पसंत नाही आणि मी अक्कांना तसं स्पष्ट सांगितलं. अक्का म्हणाल्या, "कोट बघा की!" कोट खरोखरच सुरेख आहेत. तत्त्वांवर कोट घालता येतो, हे मला त्या मालिकेने शिकवलं.

आणि ह्युन बिन. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'ची कथा कोणी शुद्धीत असताना सांगू नये अशीच आहे. दक्षिण कोरियातली अब्जाधीश उद्योजिका पॅराग्लायडिंग करायला जाते, वावटळीत सापडते आणि सीमा ओलांडून उत्तर कोरियात झाडावर अडकते. खाली गस्तीवर कॅप्टन री, म्हणजे आपला ह्युन बिन. पुढे सोळा भागांत तो काय करतो? तिच्यासाठी नूडल्स करतो. कॉफीच्या बिया आणून, भाजून, कुटून तिला कॉफी करून देतो. बाजाराच्या गर्दीत ती अंधारात चुकते, तेव्हा हा आपला उंच माणूस मेणबत्ती डोक्यावर धरून उभा राहतो, तिला लांबून दिसावी म्हणून. आणि मेणबत्तीही साधी नाही, तिला हवी होती तशी सुवासिक. बस्स. एवढंच. तेवढ्यावर आमच्या सोसायटीतल्या तीन इमारतींमधल्या बायका गारद झाल्या. गर्दीत बायको चुकली तर आपल्याकडची पद्धत म्हणजे फोन करून "कुठे तडमडलीस?" असं विचारणं. कॉफीच्या प्रसंगावर मात्र अक्का हळहळल्या. फिल्टर कॉफीवर वाढलेल्या बाई त्या, म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे हो, पण डिकॉक्शन पातळ झालं."

यातली नायिका सॉन ये-जिन आणि ह्युन बिन यांनी 31 मार्च 2022 रोजी खरोखर लग्न केलं. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. ह्यांनी विचारलं, "कोणाचं लग्न?" मी म्हटलं, "घरचंच समजा."

परक्या देशातल्या नटासाठी एवढं वेडं व्हायचं का, असं विचारणाऱ्यांना मी याच शहरातलं उदाहरण देते. इथल्या एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा जन्मला, बंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि पुढे मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. 1998 मध्ये त्याचा 'मुथू' जपानमध्ये लागला आणि तिथल्या बायका वेड्या झाल्या. त्यांना तमिळ येत होतं? त्याही पट्टीच वाचत होत्या. मग सहाच वर्षांनी त्याच जपानी बायकांनी 'विंटर सोनाटा'मधल्या बे याँग-जूनसाठी विमानतळावर गर्दी केली. म्हणजे या व्यवहारात आपला गायकवाड कोरियनांच्या आधी पोचला होता. आम्ही फक्त परतफेड करतोय.

मालिकांचे काही नियम ठरलेले असतात आणि बंगळुरूत बसून ते बघताना मजा येते. पहिला नियम पांढऱ्या ट्रकचा. सगळं सुरळीत व्हायला लागलं, की कुठून तरी पांढरा ट्रक भरधाव येतो, कोणाला तरी उडवतो आणि त्याची स्मृती जाते. इथे हे घडणं कालत्रयी शक्य नाही. गर्दीच्या वेळी ट्रकला शहरात शिरू देत नाहीत. आणि शिरलाच, तर खड्डे आणि गतिरोधक यांच्यामधून त्याला वेग येणार कधी? बंगळुरूत ट्रक अंगावर आला तर माणूस बाजूला होतो, फोन संपवतो आणि मग ट्रकवाल्याशी भांडतो. सगळं आठवत असतं.

दुसरा नियम पहिल्या बर्फाचा. हिवाळ्यातला पहिला बर्फ ज्याच्यासोबत पाहाल, त्याच्याशी जन्माची गाठ पडते, अशी तिकडची समजूत. बर्फ भुरभुरायला लागला की नायक-नायिका जिथे असतील तिथून धावत सुटतात. आमच्या गावात बर्फ पडत नाही असं कोणी म्हणू नये. बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांचा पांढराशुभ्र फेस पावसावाऱ्यात उडून रस्त्यावर यायचा, तेव्हा दुचाकीवरच्या जोडप्यांच्या हेल्मेटवर तो अलगद उतरत असे. जन्माची गाठ पडली की नाही ते माहीत नाही, पण अंगाला खाज नक्की सुटली.

तिसरा नियम पाकिटाचा. हा मला सर्वांत आवडतो. श्रीमंत मुलाची आई गरीब मुलीला हॉटेलात बोलावते, टेबलावरून नोटांचं पांढरं पाकीट सरकवते आणि म्हणते, माझ्या मुलाला सोड. मुलगी पाकीट परत करते, मग बाई ग्लासातलं पाणी तिच्या तोंडावर मारतात. आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात फक्त एकच गोष्ट पटत नाही. मुलाची आई पैसे देतेय? आपल्याकडे पाकीट नेहमी उलट्या दिशेने सरकतं.

माझं प्रेम आंधळं नाही, हेही सांगून टाकते. कोरियातही भिकार मालिका बनतात. 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ' नावाच्या मालिकेत सूड घ्यायला परत आलेली नायिका चेहऱ्यावर एक तीळ रंगवते आणि तेवढ्यावर खुद्द नवऱ्यालाही ओळखू येत नाही. 2014 च्या एका मालिकेत सासूबाई किमचीची अख्खी जुडी जावयाच्या तोंडावर सणकन मारतात. ते दृश्य जगभर गाजलं. हे पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. सगळंच चांगलं असतं, तर त्या देशाविषयी संशय आला असता.

पण वाईट मालिकेतही त्यांचा एक गुण आपल्याला साधलेला नाही. त्या संपतात. बहुतेकींचे सोळा ते वीस भाग. आठवड्याला दोन, दोन महिन्यांत कारभार आटोपला. बहुतेक वेळा सगळे भाग एकाच लेखिकेचे, आणि लोक नटाआधी तिचं नाव विचारतात. 'गॉब्लिन'वाली किम उन-सूक, 'क्रॅश लँडिंग'वाली पार्क जी-उन, असं. आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि 2013 ला थांबली. तीन हजारांवर भाग. नावात चारच दिवस होते. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण व्हावं म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने वाट पाहिली. त्या काळात आमच्या नात्यातल्या मुली बाळंत होऊन, रजा संपवून कामावर रुजू झाल्या. गोष्ट संपवायला धैर्य लागतं. शेवटच्या भागानंतर जी पोकळी येते, ती आपल्या निर्मात्यांनी प्रेक्षकांवर कधी येऊच दिली नाही, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

मला विचाराल तर सगळ्यांत थोर मालिका 'रिप्लाय 1988'. सोलच्या एका गल्लीतली पाच कुटुंबं, ना कोणी अब्जाधीश, ना ट्रक. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई मुलीच्या हाती शेजारी वाडगा पाठवते. शेजारीण रिकामा वाडगा कसा परत करणार? ती दुसरं काही भरून देते. तेवढ्यात तिसऱ्या घरातून चौथ्या घरी थाळी निघते. गल्लीभर पोरं भांडी घेऊन एकमेकांना ओलांडत पळतायत, आणि शेवटी एक पोरगा वैतागून म्हणतो, त्यापेक्षा सगळे एकत्रच का जेवत नाही? हे बघताना मला सांगलीचा आमचा वाडा दिसला. आमच्या सोसायटीत आता कोणाकडे वाटीभर आमटी पाठवायची, तर आधी फाटकावरून फोन जातो, मग अ‍ॅपवर परवानगी मागितली जाते, आणि आमटी आत येईपर्यंत समोरच्यांचं जेवण बाहेरून मागवून झालेलं असतं.

या मालिकेतला पार्क बो-गम बुद्धिबळासारख्या एका खेळातला जगज्जेता, पण बुटाची नाडी बांधता येत नाही असा. तोच 2025 च्या 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स'मध्ये ग्वान-सिक झाला. त्यातला एक प्रसंग मी ह्यांना मुद्दाम बसवून दाखवला. जेजू बेटावरचं जुन्या वळणाचं घर, पुरुषांचं ताट वेगळं, बायकांचं वेगळं. ग्वान-सिक पुरुषांच्या पंगतीला बसलाय. तो काही बोलत नाही, भाषण देत नाही. बसल्या जागी नुसता वळतो, घरातल्या पुरुषांकडे पाठ करतो आणि बायकोच्या ताटाकडे तोंड करून जेवायला लागतो. आपल्याकडे कित्येक घरांत आजही पुरुषांची पंगत आधी बसते आणि बायकांच्या वाट्याला भाताची खरवड येते. एका माणसाने अर्धं वळण घेतलं की किती गोष्टी हलतात, हे सांगायला आपल्या समाजसुधारकांना पुस्तकं लागली; या पोराने ते न बोलता केलं. ह्यांनी प्रसंग पाहिला, घसा खाकरला आणि "पाणी हवंय का तुला?" असं विचारलं. सुरुवात म्हणून वाईट नाही.

हेसुद्धा आता बाटले आहेत, पण ते तसं मान्य करत नाहीत. त्यांचा प्रांत ऐतिहासिक मालिकांचा. 'मिस्टर सनशाइन'मध्ये जपान्यांशी लढणाऱ्या फाटक्या कपड्यांच्या सैनिकांना ते 'आपले मावळे' म्हणतात. 'किंगडम'मध्ये दरबारातली कारस्थानं आणि माणसं खाणारी भुतं एकत्र आहेत; भुतं वगळली तर ही थेट उत्तर पेशवाई आहे, असं त्यांचं मत. वर ते मला ऐकवतात, की कोरियाच्या जुन्या ग्रंथात अयुता देशाहून समुद्रमार्गे आलेल्या राजकन्येची कथा आहे, तिकडचे लोक ते अयोध्या मानतात आणि 2001 मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही उभं राहिलं. म्हणजे मुळात मुलगी आपलीच! मुलगी आपली असल्यामुळे आता कोरियाच्या घरगुती भानगडींत लक्ष घालण्याचा त्यांना अधिकार पोचतो.

तेव्हा माझा निकाल असा. हे नायक खरे नसतात, हे आम्हाला कळतं. रस्ता रिकामा मिळणं, माणूस वेळेवर येणं, गोष्ट वेळेत संपणं आणि घरातल्या बाईला एक तास नुसतं बसायला मिळणं, या चार चैनी एकाच ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, म्हणून आम्ही तिथे जातो. ज्यांनी अजून सुरुवात केली नसेल, त्यांनी 'रिप्लाय 1988'पासून करावी. शनिवारी दुपारी करावी, कामाच्या आठवड्यात रात्री नको. सकाळी ऑफिसात डोळे सुजलेले दिसतात आणि लोक उगाच घरच्यांची चौकशी करतात. आणि मेथी आधी निवडून ठेवावी.